मायनर नाइन्थ: आधी कोणता आकार बसवायचा?

पेटी शिकून गिटारकडे आलेल्यांना मायनर नाइन्थ ही कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गट, चटकन कळते: सा, कोमल ग, प, कोमल नी आणि वरचा शुद्ध रे. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्य घालवलेल्या नाशिकात ती स्वरांच्या नावांनीच सांगितलेली बरी. नी गाळला तर ती मायनर ॲड नाइन्थ होते, म्हणजे कॉर्डच वेगळी. प मात्र खुशाल गाळा.

सगळ्यात सोपा मोकळ्या तारांचा आकार, म्हणजे बोटांची मांडणी. ई मायनर नाइन्थसाठी सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेपासून ०-२-०-०-०-२ (आकडा म्हणजे त्या तारेवरचा फ्रेट, मानेवरचा खण; ० म्हणजे मोकळी तार), दोन बोटांत काम संपतं. गंगापूर धरणाच्या काठावर एकटेच वाजवत बसणार असाल तर याच्यासारखा भरघोस आवाज दुसऱ्या आकाराला नाही. पण तो जागचा हलत नाही. गायकाची पट्टी बदलली की कॅपो (मानेवर तारा दाबणारा चिमटा) शोधा.

दुसरा बारचा, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबण्याचा. ए मायनर नाइन्थ: ५-७-५-५-५-७. तर्जनीचा बार पाचव्या फ्रेटवर, अनामिका पाचव्या तारेवर आणि करंगळी पहिल्या तारेवर, दोन्ही सातव्या फ्रेटवर. पाचही स्वर मिळतात, म्हणून अनेक जण यालाच 'खरी' कॉर्ड मानतात. मला हा आग्रह पटत नाही. यातला कोमल ग फक्त तिसऱ्या तारेवर आहे आणि तर्जनीच्या पेराची घडी बहुधा तिथेच येते. ती तार दबली नाही की कॉर्ड मायनर राहतच नाही, आणि पाच तारा वाजत असल्याने नवख्याला ते कळतही नाही. नाशिकच्या डिसेंबरातल्या गारठ्यात सकाळी हा बार धरून पाहा, म्हणजे समजेल.

तिसरा आकार आखूड, मूळ स्वर (कॉर्डचा सा) पाचव्या तारेवर. डी मायनर नाइन्थ: मधलं बोट पाचव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर, तर्जनी चौथ्या तारेच्या तिसऱ्यावर, अनामिका आणि करंगळी तिसऱ्या-दुसऱ्या तारेच्या पाचव्यावर. सहावी तार मधल्या बोटाच्या टोकाने, पहिली करंगळीच्या कडेने मुकी करायची. चारच स्वर, प गायब, तरी रंग पुरेपूर. सुरुवातीला तर्जनी मधल्या बोटाच्या मागे ओढायला अवघड जाते. तो ताण हाताला हळूहळू अंगवळणी पडतो.

खरा फायदा पुढच्या कॉर्डला जाताना दिसतो. जी थर्टीन्थला (३-x-३-४-५-x; x म्हणजे न वाजवायची तार) चौथ्या आणि दुसऱ्या तारेवरचे स्वर तसेच राहतात, तिसऱ्या तारेवरचा एक फ्रेट खाली येतो, मूळ स्वर सहाव्या तारेवर जातो. तिथून सी मेजर नाइन्थला (x-३-२-४-३-x) तिसरी तार जागीच, चौथी एक फ्रेट खाली, दुसरी दोन. इतकी कमी हालचाल बारच्या आकारातून मिळत नाही. कॉलेज रोडवरच्या एखाद्या कॅफेत बेस किंवा कीबोर्डसोबत वाजवताना खालचे स्वर त्यांच्याकडे असतात. तिथे सहा तारांचा बार नुसता गिचमिड करतो.

म्हणून ज्याला साध्या बार कॉर्ड येतात त्याने आखूड आकारच आधी घ्यावा. अगदी नवख्याने मोकळ्या तारांनी कान तयार करावा. बार शेवटी. एफ मायनर नाइन्थ पहिल्या फ्रेटवर बारने धरणं हाताची परीक्षा आहे; तीच आठव्या फ्रेटवर x-८-६-८-८-x अशी धरा, तिथे फ्रेटही अरुंद असतात.