होम थिएटरसाठी एकच रिमोट: कोणाच्या घरी कोणता चालेल

आमच्या हॉलमध्ये पाच रिमोट होते. टीव्हीचा, एव्ही रिसीव्हरचा (सगळ्या उपकरणांच्या तारा ज्यात येतात आणि जो निवडलेल्या इनपुटचं चित्र टीव्हीला, आवाज स्पीकरना देतो तो डबा), डीटीएच बॉक्सचा, फायर स्टिकचा (टीव्हीला लावून इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणारी ॲमेझॉनची कांडी) आणि ब्लू-रे प्लेयरचा. मी घरी नसलो की संध्याकाळी आईचा फोन ठरलेला: "अरे, सगळं लावलंय, पण नुसता काळा पडदा दिसतोय." टीव्ही चालू असायचा, बॉक्सही चालू असायचा; रिसीव्हर तेवढा आदल्या रात्रीच्या सिनेमानंतर ब्लू-रेच्या इनपुटवर राहिलेला. तिला फोनवरून बटणं शोधायला लावताना वाईट वाटायचं, कारण चूक तिची नव्हती. एवढा खर्च करून मांडलेला संच घरातल्या एकाच माणसाला चालवता येत असेल, तर मांडणीतच काहीतरी राहून गेलं आहे.

तेव्हापासून मी युनिव्हर्सल, म्हणजे सगळी उपकरणं एकट्याने चालवणाऱ्या, रिमोटांच्या मागे आहे. काही विकत घेतले, काही मित्रांच्या घरी बसवून दिले. जे कळलं ते इथे मांडतो.

उपकरण कशाने ऐकतं?

खोक्यावर 'पंधरा उपकरणं चालतात', 'साठ उपकरणं चालतात' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. त्या आकड्याने भुलू नका. आपल्या घरातलं प्रत्येक उपकरण हुकूम कशातून घेतं, हे आधी बघायला हवं.

टीव्ही, रिसीव्हर, प्रोजेक्टर, ब्लू-रे आणि बहुतेक डीटीएच बॉक्स इन्फ्रारेडवर, म्हणजे आयआरवर चालतात. रिमोटच्या तोंडाशी असलेला दिवा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकवतो आणि त्या लुकलुकण्यात कोड असतो. फायर स्टिकला मात्र आयआरचा डोळाच नाही. तिचा रिमोट स्टिकशी रेडिओलहरींवर, म्हणजे ब्लूटूथवर बोलतो. त्यावर आयआर दिवा असतो तो टीव्हीचा आवाज आणि चालू-बंद करण्यापुरता. त्यामुळे नुसत्या आयआरवर चालणारा युनिव्हर्सल रिमोट कितीही महाग घेतला तरी फायर स्टिक त्याला दाद देणार नाही. ॲपल टीव्ही या ॲपलच्या तशाच कामाच्या डब्याचं उलटं आहे. त्यात आयआरचा डोळा आहे आणि सेटिंगमध्ये जाऊन त्याला दुसऱ्या कंपनीचा रिमोट शिकवताही येतो. तिसरा मार्ग नेटवर्कचा. डेनॉन आणि मरांट्झचे नेटवर्कवाले रिसीव्हर घरच्या वाय-फायवरूनही हुकूम घेतात.

एका कागदावर आपली उपकरणं लिहा आणि प्रत्येकापुढे आयआर, ब्लूटूथ किंवा नेटवर्क असं मांडा. निम्मी निवड त्या कागदावरच होते.

आधी फुकटचा उपाय

एचडीएमआय केबलमधल्या एकोणीस पिनांपैकी तेरावी पिन सीईसी नावाच्या सोयीसाठी राखलेली आहे. या एका तारेवरून उपकरणं एकमेकांना 'चालू हो', 'माझ्याकडे वळ', 'आवाज वाढव' असं सांगू शकतात. कंपन्यांनी तिला आपापली नावं दिली आहेत: सॅमसंगची एनीनेट प्लस, एलजीची सिम्पलिंक, सोनीची ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकची व्हिएरा लिंक. सगळ्यांच्या मुळाशी सीईसीच आहे. टीव्ही, साउंडबार आणि फायर स्टिक एवढाच संच असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ही सोय चालू करा. टीव्हीच्याच रिमोटने स्टिकही चालेल आणि साउंडबारचा आवाजही. अशा घरात वेगळ्या रिमोटवर एक रुपयाही घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सीईसी फिसकटतं ते डीटीएच बॉक्सपाशी. बरेच बॉक्स त्याला प्रतिसादच देत नाहीत. शिवाय उपकरणं चार-पाच झाली की एखादं मध्येच जागं होऊन पडदा आपल्याकडे खेचून घेतं. सिनेमा चालू असताना गेमिंग कन्सोल पडद्यावर येण्याचा प्रकार मी दोन घरांत पाहिला आहे. अशा वेळी त्या एका उपकरणापुरतं सीईसी बंद करावं, सगळीकडे नाही.

दुसरा फुकटचा उपाय म्हणजे डीटीएचचाच रिमोट. अनेक डीटीएच रिमोटांना टीव्हीचं चालू-बंद आणि आवाज ही बटणं शिकवता येतात. ज्या घरी सिनेमे क्वचित आणि मालिका रोज, तिथे एवढंही पुरतं.

आता विकतचे

सर्वांत स्वस्त म्हणजे बाजारातला शिकाऊ रिमोट. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तो कुठल्याही दुकानात मिळतो. मूळ रिमोट त्याच्या तोंडासमोर धरायचा आणि एकेक बटण शिकवायचं. मोडलेल्या रिमोटला पर्याय म्हणून तो उत्तम. पण एका बटणात तीन-चार उपकरणांचे हुकूम ओळीने भरण्याची सोय त्यात सहसा नसते, त्यामुळे आईचा काळा पडदा त्याने सुटत नाही. शिकवताना एक पथ्य पाळा. दोन्ही रिमोटांत नवे सेल घाला, मध्ये दोन-तीन बोटांचं अंतर ठेवा आणि खिडकीच्या उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली बसू नका. कोड नीट उचलले जात नाहीत याचं कारण बहुतेक वेळा यांतलंच एखादं असतं.

शिकवून घेतलेल्या कोडमध्ये एक खोच आहे. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत बटण नव्याने दाबलं की कोडमधला एक बिट (० किंवा १ हा अंक) उलटतो. शिकाऊ रिमोट मात्र एकदा ऐकलेलाच कोड दर वेळी पाठवतो. मग 'पाच-पाच' दाबलं तरी उपकरणाला वाटतं की बटण अजून दाबून धरलेलंच आहे, आणि दुसरा पाच पडत नाही. म्हणून तयार कोडसंग्रह असलेला रिमोट घेणं चांगलं. शिकवणं हा त्याला जोड म्हणून असावं.

तयार कोडसंग्रहवाल्यांत वन फॉर ऑलचे रिमोट साधे आणि टिकाऊ वाटले. फ्लर्कचा स्किप वन-एस मला मनापासून आवडतो. तो संगणकाला यूएसबीने जोडून प्रोग्राम करायचा असतो, वर ए, बी, सी अशी तीन कामांची बटणं असतात आणि सगळी मांडणी रिमोटच्या पोटातच राहते. इंटरनेट गेलं, कंपनीचा सर्व्हर बंद पडला, तरी भरलेले हुकूम जागेवरच. उणिवा दोन. तो फक्त आयआर पाठवतो, आणि बटणांमागे उजेड नाही. प्रोजेक्टर लावून खोली अंधारी केल्यावर ही दुसरी उणीव चांगलीच जाणवते.

सोफाबॅटनच्या यू मालिकेत आयआरच्या जोडीला ब्लूटूथ मिळतं, म्हणजे फायर स्टिकही हाताखाली येते. पंधरा उपकरणांची मर्यादा घराला पुरून उरते. याच कंपनीचा एक्स-वन-एस एक हब, म्हणजे उपकरणांजवळ ठेवायचा छोटा डबा, घेऊन येतो. रिमोट हबशी बोलतो आणि हब आयआर, ब्लूटूथ, वाय-फाय या तिन्ही वाटांनी उपकरणांना हुकूम देतो. रिमोट टीव्हीकडे रोखावा लागत नाही. उशीखालून दाबला तरी चालतो. हुकूम जात असताना कोणी मध्ये आलं म्हणून अर्धा संच चालू आणि अर्धा बंद, असं होत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या दृष्टीने मला ही सर्वांत मोठी सोय वाटते, कारण ती बटण दाबतात आणि रिमोट लगेच खाली ठेवतात. मांडणी फोनवरच्या ॲपमधून करायची असते, त्यासाठी एखादी अख्खी दुपार काढा.

लॉजिटेकच्या हार्मनीचं नाव अजूनही निघतं, आणि ते योग्यच आहे. 'टीव्ही बघा', 'सिनेमा बघा' अशी कामं निवडायची, कोणतं उपकरण कसं लागतं ते रिमोट बघेल, ही पद्धत हार्मनीने घरोघर नेली. पण लॉजिटेकने एप्रिल २०२१ मध्ये हार्मनीचं उत्पादन बंद केल्याचं जाहीर केलं. नव्या उपकरणाचा कोड भरायचा तर हार्मनीला कंपनीच्या सर्व्हरकडे जावं लागतं. जुन्या बाजारात स्वस्त मिळाला तरी बंद झालेल्या उत्पादनाच्या सर्व्हरवर विसंबून घराची मांडणी करावी, असं मी कोणाला सांगणार नाही. आहे त्याने जरूर वापरावा.

राहिले फोन. शाओमी, रेडमी, पोकोच्या अनेक फोनांत आयआर दिवा असतो आणि अडल्यावेळी तो कामाला येतो. ब्रॉडलिंकचा आरएम-फोर मिनी किंवा आरएम-फोर प्रो हाही फोनवरून किंवा अलेक्साला सांगून चालवायचा प्रकार. त्यातला प्रो ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरीही शिकतो, म्हणून वरखाली होणारा प्रोजेक्टरचा पडदा त्या लहरींवर चालत असेल तर तोही त्याच्या ताब्यात येतो. पण रोजच्या वापराला मी फोन नको म्हणतो. फोन त्याच्या मालकाबरोबर घराबाहेर जातो, आणि आवाज कमी करायला अंधारात पडदा उघडून ॲप शोधणं हा त्रासच आहे. चाचपून सापडणाऱ्या बटणाला पर्याय नाही.

वीज गेली आणि आली, मग?

परदेशी आढाव्यांत हा मुद्दा क्वचित येतो, आपल्याकडे मात्र तो पहिला यायला हवा. बऱ्याच उपकरणांना चालू आणि बंद यांसाठी एकच बटण असतं. चालू असेल तर बंद होतं, बंद असेल तर चालू. 'टीव्ही बघा' या बटणाने टीव्ही, रिसीव्हर आणि डीटीएच बॉक्स या तिन्ही उपकरणांना हा कोड पाठवला आणि त्यातलं एक आधीच चालू असलं, तर नेमकं तेच बंद पडतं. हार्मनी आणि हबवाले रिमोट कोणतं उपकरण चालू आहे हे लक्षात ठेवून यातून वाट काढतात. पण त्यांना उपकरण दिसत नाही, आपण शेवटचं काय पाठवलं एवढंच आठवत असतं. संध्याकाळी दहा मिनिटं वीज जाते, परत आल्यावर डीटीएच बॉक्स आपोआप चालू होतो, रिसीव्हर मात्र झोपलेलाच राहतो, आणि रिमोटच्या आठवणीचा प्रत्यक्षाशी मेळ राहत नाही.

याला खरा इलाज वेगळ्या कोडांचा. 'चालूच हो' असा एक आणि 'बंदच हो' असा दुसरा. अनेक टीव्ही आणि रिसीव्हरना हे कोड कळतात, मूळ रिमोटवर ती बटणं नसली तरीही. कोडसंग्रहात 'पॉवर ऑन' आणि 'पॉवर ऑफ' अशा वेगळ्या नोंदी शोधा आणि एकत्रित हुकुमात तेच भरा. डेनॉनच्या नेटवर्कवरच्या हुकुमांतही चालू आणि बंद वेगळे आहेत. मग वीज कितीदा गेली तरी फरक पडत नाही.

असे कोड नसतील तर मी एक युक्ती करतो. बरेच रिसीव्हर इनपुटचं बटण दाबलं की जागे होतात, आणि आधीच जागे असले तर फक्त इनपुट बदलतात. म्हणून चालू करायला पॉवरऐवजी इनपुटचा कोड भरायचा. बंद करताना आधी इनपुटचा, दोन सेकंद थांबून मग पॉवरचा. उपकरण कोणत्याही अवस्थेत असलं तरी ते आधी जागं होतं आणि मग नक्की बंद होतं.

प्रोजेक्टर असेल तर बंद करताना बहुधा पॉवर दोनदा द्यावं लागतं, कारण पहिल्या दाबाला तो 'नक्की का?' असं विचारतो. दोन दाबांत एक-दोन सेकंद ठेवा. चालू झाल्यावरही दिवा तापेपर्यंत तो इनपुट बदलण्याचा हुकूम ऐकत नाही, म्हणून तिथे अर्ध्या मिनिटाचा थांबा घाला. ज्या रिमोटात असे थांबे भरता येत नाहीत तो प्रोजेक्टरवाल्यांनी घेऊच नये.

मग कोणी काय घ्यावं

टीव्ही, साउंडबार, स्टिक: काहीही नको, सीईसी पुरे. डीटीएच, रिसीव्हर, ब्लू-रे असा सगळाच आयआर संच असेल आणि घरात कोणी संगणकावर तासभर बसायला तयार असेल, तर स्किप वन-एस. त्यात फायर स्टिक आली पण सगळी उपकरणं समोर उघड्यावर आहेत, तर सोफाबॅटनची यू मालिका. उपकरणं काचेच्या किंवा लाकडी कपाटात बंद असतील, प्रोजेक्टर डोक्यामागे असेल, किंवा रोजचा वापर आई-वडिलांचा असेल, तर हबवाला एक्स-वन-एस. आमच्याकडे शेवटी तोच आला. यांतले बरेच रिमोट बाहेरून मागवलेले असतात. विकणारा इथे हमी देतो का आणि परत घेतो का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. माझा एक रिमोट महिन्याभरात मुका झाला आणि विक्रेत्याने हात वर केले, तेव्हापासून मी हे चुकवत नाही.

आणायच्या आधी आणखी एक करा. जुने रिमोट एकेक करून फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा, मात्र आवाजाचं किंवा चालू-बंदचं नको, कारण फायर स्टिकच्या रिमोटवरही ती आयआरची असतात. पडद्यावर जांभळट दिवा लुकलुकला तर तो आयआर. न दिसला तर सेल बदलून एकदा बघा; तरीही नाही, तर तो बहुधा ब्लूटूथचा. नवा रिमोट बसला म्हणून जुने टाकू नका. सेल काढून एका डब्यात ठेवा, कारण टीव्हीच्या आतल्या मेनूत जायला कधीतरी मूळ रिमोटच लागतो. आमच्या नव्या रिमोटवर मी वरच्या बटणाला लाल टिकली चिकटवली आहे. आई तेवढीच दाबते, आणि मालिका लागते.