एस्पोतला (फिनलंड, हेलसिंकीच्या शेजारी) १९७४ सालचा फ्लॅट : वापरानंतरचा अनुभव (फोडणीवाल्यांनी आधी वाचा)

काल मेंटेनन्सवाल्यांचा परत तोच मेल आला. 'आपल्या फ्लॅटमधलं व्हेंटिलेशन ठरल्याप्रमाणे काम करतंय.' मी तो वाचत होते तेव्हा आदल्या रात्रीच्या खर्ड्याचा वास पडद्यांना, सोफ्याला आणि खुंटीवरच्या नवऱ्याच्या जाड जाकिटाला तसाच होता. म्हटलं आता लिहूनच टाकावं. फिनलंडला यायचं ठरलं की फ्लॅटचे फोटो, स्क्वेअर मीटर, मेट्रो किती लांब हे सगळं नेटवर मिळतं, फोडणीचं काय होणार ते कुणी सांगत नाही.

फ्लॅटचं थोडक्यात सांगते, कारण असे फ्लॅट तुम्ही जाहिरातीत शंभर बघितले असतील. दोन खोल्या आणि किचन, काचा लावलेली बाल्कनी, काँक्रीटचे तयार भाग कारखान्यातून आणून जोडलेली बिल्डिंग. साठ-सत्तरच्या दशकात खेड्यातली माणसं भराभर हेलसिंकीकडे आली तेव्हा अशा बिल्डिंगा पटापट उभ्या केल्या, त्यातलीच ही एक. बाहेरून बघितलं तर आपल्याकडच्या सरकारी क्वार्टर्स. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा नवऱ्याला म्हटलं, यासाठी कराड सोडलं का आपण.

आत आल्यावर मात्र मत बदललं हे मान्य करते. बाहेर उणे वीस असताना घरात एकवीस डिग्री, आणि त्यासाठी तुम्ही काहीही करायचं नाही. गरम पाणी शहराच्या पाइपमधून येतं, खोलीतल्या लोखंडी रेडिएटरमधून फिरतं, त्याचे पैसे भाड्यातच धरलेले. रेडिएटरला हात लावला तर कधी कधी गार लागतो आणि नवीन माणूस लगेच तक्रार करतो, पण घर गरम असेल तर तो गारच असणार, त्याच्या थर्मोस्टॅटने गरम पाणी थांबवलेलं असतं. खिडकीला एकामागे एक तीन काचा. पाणी माणशी ठराविक, कितीही वापरा, आणि नळाचंच प्यायचं, ते पायएन्ने तलावातून १२० किलोमीटरच्या बोगद्यातून येतं. फिल्टरचे आणि बाटल्यांचे पैसे वाचले, ते मी लिहून ठेवते.

बाथरूमवर तर मी खूश आहे. जमिनीला उतार, मध्ये जाळी, बिनधास्त पाणी ओता, नंतर रबरी वायपरने ओढून टाका. कमोडशेजारी हातात धरायचा छोटा शॉवर! युरोपात बाकी ठिकाणी राहिलेले मित्र-मैत्रिणी अजून पाण्याचा मग घेऊन फिरतात, आणि इथे तो शॉवर जवळजवळ प्रत्येक घरात असतो. आमच्या सासूबाई उन्हाळ्यात आल्या होत्या, त्यांनी सगळ्या फिनलंडमध्ये याच एका गोष्टीला पूर्ण मार्क दिले.

आता सिंकच्या वरचं कपाट. पहिले काही आठवडे मला ते म्हणजे जागा फुकट घालवणं वाटत होतं. दार उघडलं की आत तारांच्या फळ्या, खालून तळच नाही. धुतलेली ताटं ओलीच उभी करायची, दार लावायचं, पाणी खाली सिंकमध्ये ठिबकतं. मायजू गेबहार्ड नावाच्या बाईंनी १९४४-४५ च्या सुमाराला हे इथे तयार केलं, घरकामाचा वेळ कसा वाचेल याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत त्या काम करायच्या. मी त्यात डबे ठेवायला घेतले होते. नंतर एकदा पाहुणे गेल्यावर रात्री सगळी भांडी धुऊन त्यात टाकली, ओटा पुसला, झोपले. ओट्यावर एकही भांडं पालथं नाही, ओला नॅपकिन नाही! आता मला या कपाटाशिवायचं किचन अर्धवट वाटतं. आपली कढई आणि परात त्यात मावत नाही एवढीच खोट. ज्या बाईंनी एवढा बारीक विचार केला त्यांना कुणीतरी धुराचंही बघायला सांगायला हवं होतं.

तर मूळ मुद्दा. शेगडीच्या वर चिमणी दिसते, स्टीलची, दिवा असलेली, टाइमरची खुंटी असलेली. खुंटी फिरवली की आपल्याला वाटतं पंखा सुरू झाला. पंखा त्यात नसतोच. खुंटीने फक्त आतली झडप उघडते. खरा पंखा गच्चीवर, सगळ्या बिल्डिंगला मिळून एक, तो प्रत्येकाच्या किचन आणि बाथरूममधून हवा वर ओढतो. त्याच्या जागी ताजी हवा खिडकीच्या वरच्या फटीतून आत यायची असते. कल्पना चांगली आहे, बाथरूमला ओल धरत नाही, काचांवर पाणी साचत नाही. पण फोडणी टाकली, मोहरी तडतडली, लसूण-मिरची पडली की धूर चिमणीखाली जरा घुटमळतो आणि निवांत हॉलकडे वळतो. पापड भाजला तर शेजारच्या खोलीत झोपलेलं पोर खोकायला लागतं.

मी म्हटलं सोपं आहे, आपल्यासारखी मोटरवाली चिमणी आणू आणि त्याच पाइपला जोडू. घरमालकाला विचारलं, त्याने मेंटेनन्सला विचारलं, उत्तर आलं की अजिबात चालणार नाही. पाइप सगळ्यांचा एक आहे, तुम्ही तुमच्या मोटरने त्यात हवा ढकलली तर ती गच्चीपर्यंत न जाता वरच्या नाहीतर शेजारच्या घरात निघणार. म्हणजे माझा खर्डा दुसऱ्याच्या बेडरूममध्ये. हे कारण पटलं, पण मग माझं काय?

मग त्यांनी माणूस पाठवला. दुपारचे साडेचार-पाच झाले असतील. बूट काढले, मोजे घालून किचनमध्ये आला (इथे प्लंबरसुद्धा बूट काढतो, हे मला फार आवडतं), खिशातून टॉयलेट पेपरचा तुकडा काढला आणि चिमणीच्या जाळीला लावला. कागद हलला आणि पडला. मी विजयी चेहऱ्याने उभी. तो काही न बोलता हॉलमध्ये गेला, खुर्चीवर चढला, खिडकीच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं आणि एक लांबच लांब फोमची पट्टी उपटून काढली. आधीच्या भाडेकरूने थंडी येते म्हणून फट बंद केलेली. बेडरूममध्येही तेच. परत किचनमध्ये कागद लावला, चप्प चिकटला, पडेचना. दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून शिट्टी वाजायची आणि जिन्यातला कुणाच्या तरी कॉफीचा वास घरात यायचा, तेही त्या दिवसापासून बंद. हवा आत यायला जागाच नव्हती म्हणून ती दारातून घुसत होती. मी त्या माणसाला लाडू दिला, त्याने एकच घेतला. फ्लॅटला मी मनातल्या मनात पाच स्टार देऊन टाकले.

ते दोन दिवस टिकले.

रात्री साडेआठला आमटीला फोडणी दिली, धूर परत हॉलमध्ये. मी कागद लावला. घसरून सरळ आमटीत. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाचला लावला, चिकटला. रात्री परत पडला. व्हिडिओ काढला, वेळेसकट, मेलला जोडला. तेव्हा कुठे कळलं की गच्चीवरच्या पंख्याला दोन स्पीड आहेत आणि घड्याळ लावलेलं आहे. लोक स्वयंपाक करतात त्या वेळेला फुल, बाकी वेळ हाफ. आणि आमच्या बिल्डिंगच्या हिशोबाने संध्याकाळचा स्वयंपाक चार ते सहा! इथली माणसं साडेचारला घरी येतात, पाचला जेवतात, सहाला भांडी त्या कपाटात. आम्ही सहाला चहा घेतो. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, एवढी श्रीमंत माणसं, आणि धूर बाहेर टाकायलासुद्धा वेळ ठरवून ठेवतात?" नवऱ्याचं म्हणणं, आपणच पाचला जेवायला लागू. म्हटलं बरं, उद्यापासून तू पाचला येऊन कुकर लाव. विषय तिथेच संपला.

घड्याळ पुढे करायला काय लागतं, एक बटण, असं मला वाटलं. पण इथे बिल्डिंग ही कंपनी असते. फ्लॅट विकत घेणारा माणूस फ्लॅट घेत नाही, त्या कंपनीचे शेअर घेतो आणि त्या शेअरवर त्याला तो फ्लॅट वापरायला मिळतो. कंपनीचं बोर्ड असतं, पगारी व्यवस्थापक असतो, मेंटेनन्सला वेगळी कंपनी. मेंटेनन्स म्हणते व्यवस्थापकाला विचारा, व्यवस्थापक म्हणतो बोर्डाचा निर्णय, बोर्ड म्हणतं शेअरवाल्याने मांडायला हवं. भाडेकरूला यात मतदानाचा हक्कच नाही. आपल्या सोसायटीत निदान खाली सेक्रेटरींना गाठून भांडता तरी येतं, इथे सगळे इतक्या सभ्यपणे 'नाही' म्हणतात की भांडण सुरूच होत नाही.

व्यवस्थापकाच्या एका उत्तराने मात्र मी गप्प झाले. जुन्या पद्धतीत पंखा जी हवा बाहेर फेकतो ती पैसे देऊन तापवलेली असते आणि तिच्यातली उष्णता परत मिळवायची सोय नसते. जानेवारीत फुल स्पीड दोन तास वाढवला तर तेवढी एकवीस डिग्रीची हवा आकाशात आणि उणे पंधराची आत, बिल सगळ्यांना मिळून. आता मी स्वतः दिवा बंद करत फिरणारी बाई, मला हे काळजाला लागलं. म्हणून माझी मागणी मी कमी केली, दोन तास नको, आठ ते साडेआठ द्या आणि दुपारचा अर्धा तास कापा. हिशोब जिथल्या तिथे. घरमालक हो म्हणालाय, वसंतातल्या वार्षिक सभेत मांडतो म्हणाला. बघू.

तोपर्यंत कोळशाच्या फिल्टरची चिमणी चालते, ती पाइपला जोडायची नसते, हवा गाळून घरातच सोडते. तेलकटपणा धरते, वास अर्धामुर्धा. फिल्टर बदलत राहावा लागतो आणि त्याची किंमत बघून मी अजून घेतलेली नाही. खर्डा बाल्कनीत करते, इंडक्शनची छोटी शेगडी ठेवून, काचा सरकवून. उणे दहापर्यंत जमतं.

कुठलं घर घ्यावं असं विचारणाऱ्यांसाठी. मैत्रीण एस्पोतल्याच तापिओला भागात राहते, पन्नाशीच्या दशकातली बिल्डिंग, झाडांमध्ये, बघायला लोक लांबून येतात. तिच्याकडे पंखाच नाही, प्रत्येक घराला स्वतःची नळी, गरम हवा आपोआप वर जाते. हिवाळ्यात झकास ओढतं, जुलैत ढिम्म. नवीन बिल्डिंगमध्ये हवा आत-बाहेर दोन्ही मशीनने, उष्णता परत मिळते, किचनमध्ये बटण दाबलं की जोर वाढतो, रात्री आठलाही. भाडं ऐकून मी फोन ठेवला. शिवाय तिथे घरातच छोटा सौना (घाम काढायची गरम वाफेची खोली) असतो, आपले लोक त्यात तांदळाची पोती ठेवतात. आमच्याकडे तळघरात सगळ्यांचा एक, आठवड्यातून एक तास आपला, त्याचे थोडे पैसे, आणि फेब्रुवारीत तो तास मी कुणाला देणार नाही.

सगळ्यात सुखी माझा ऑफिसमधला सहकारी. त्याचं घर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लाकडी घरांपैकी, दीड मजली, उतरतं छप्पर. युद्धात फिनलंडचा पूर्वेकडचा कारेलियाचा भाग सोव्हिएत रशियाकडे गेला तेव्हा चार लाखांवर माणसं घरदार सोडून इकडे आली, त्यांना आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकांना ठरावीक नकाशे दिले आणि बऱ्याच जणांनी आपल्या हाताने बांधली ही घरं. बरोब्बर मध्ये विटांचं धुराडं, भोवती खोल्या, किचनमध्ये लाकडाची चूल. त्याच्याकडे मी वांगं भाजलं, थेट चुलीत, साल काळी होईपर्यंत. घरात धुराचं नाव नाही! ऐंशी वर्षांपूर्वीच्या घराला जे जमतं ते माझ्या चिमणीला जमत नाही.

राहिलेलं भराभर. छताला पंख्याचा हूक नाही आणि जुलैत घर तापतं. दिवे स्वतःचे आणायचे, पहिल्या रात्री मोबाइलच्या टॉर्चवर जेवलो. रात्री दहानंतर मिक्सर नको. तळघरातल्या बॉम्ब शेल्टरमध्ये प्रत्येकाला जाळीचा कप्पा मिळतो, आमच्या गणपतीचं मखर तिथे असतं, सरकारने सांगितलं तर ७२ तासांत रिकामं करायचं. विकत घेणार असाल तर एवढ्या जुन्या बिल्डिंगचे पाण्याचे पाइप बदलून झालेत का ते आधी विचारा, ते काम निघालं की महिनोन्महिने बाहेर राहावं लागतं आणि खर्च शेअरवाल्यांवर येतो.

पाचपैकी साडेतीन. सभेत अर्धा तास मिळाला तर चार करीन, इथेच येऊन लिहीन.

आणि फ्लॅट बघायला बोलावतात ते नेमकं रविवारी दुपारी नाहीतर आठवड्यात पाचच्या सुमाराला, म्हणजे पंखा जोरात असण्याचीच शक्यता जास्त. आठनंतर येऊ का विचारा, आणि खिशात टॉयलेट पेपरचा तुकडा ठेवा. एजंटने कशाला म्हणून विचारलं तर सांगा, आम्ही उशिरा जेवतो.