वेबॅक मशीन: दोन वर्षं रोज वापरल्यानंतर

वर्तमानपत्राच्या छापील अंकाच्या डेस्कवर असताना रात्री पान छपाईला सोडलं की विषय संपायचा. चूक राहिली असेल तर ती छापूनच यायची आणि दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर ‘खुलासा’ नाहीतर ‘दिलगिरी’ म्हणून चार ओळी टाकाव्या लागायच्या. माझ्या हातून तशा बऱ्याच गेल्या आहेत. पुढे वेब डेस्कवर आले आणि पान सोडणं हा प्रकारच राहिला नाही. बातमी चढवायची आणि दिवसभर तिच्यात हात घालत बसायचं. मृतांचा आकडा बदला. हेडिंगला क्लिक येत नाहीत, ते बदला. लिंक तीच राहते, आधीचं वाक्य मात्र कधी नव्हतंच असं होऊन जातं.

नोकरी सोडल्यावर मी वाचक म्हणून वेबॅक मशीन वापरायला लागले. इंटरनेट आर्काइव्ह ही ना-नफा संस्था १९९६ पासून वेबपानांच्या प्रती साठवते आहे आणि २००१ मध्ये तिने हा साठा ‘वेबॅक मशीन’ या नावाने सगळ्यांना खुला केला. पैसे लागत नाहीत, खातंही उघडावं लागत नाही. लिंक टाकली की कॅलेंडर उघडतं आणि ज्या तारखांना प्रत घेतली गेली त्यांवर गोल दिसतात. निळा गोल असेल तर प्रत नीट मिळालेली, हिरवा असेल तर ते पान दुसरीकडे वळवलेलं. नारिंगी-लाल गोलांवर वेळ घालवू नका, तिथे बहुतेक वेळा एररच मिळते.

मला सर्वांत आवडलेली सोय म्हणजे ‘चेंजेस’. दोन प्रती निवडल्या की त्या शेजारी-शेजारी लागतात. काढलेला मजकूर पिवळा, घातलेला निळा. मुद्रितशोधक मूळ प्रत आणि प्रूफ ताडून पाहायचे, अगदी तसं. मध्यंतरी एका मोठ्या संकेतस्थळावर सकाळी ‘राजीनामा दिला’ असं वाचलं होतं. दुपारी तिथेच ‘राजीनाम्याची तयारी दर्शवली’ होतं. दुरुस्तीची टीप शोधून सापडली नाही. आपलंच चुकलं असेल म्हणून सोडून देणार होते, पण दोन प्रती लावल्या आणि तो शब्द पिवळ्यात समोर आला. प्रतीच्या पत्त्यात चौदा आकडे असतात: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. ही वेळ ग्रीनिचची असते हे लक्षात ठेवा. मी पहिल्यांदा फसले होते.

पत्रकारांना याचा उपयोग किती होतो, याचं एक उदाहरण पुरेसं आहे. १७ जुलै २०१४ रोजी मलेशिया एअरलाइन्सचं एमएच-१७ हे प्रवासी विमान पूर्व युक्रेनमध्ये पडलं. त्याच दिवशी बंडखोर नेता इगोर गिरकिन ऊर्फ स्ट्रेल्कोव्हच्या नावाने चालणाऱ्या पानावर एक मालवाहू विमान पाडल्याचा दावा आला होता. तो नंतर उडवला गेला, पण त्याआधीची प्रत वेबॅककडे होती.

आता तक्रारी. मजकुरातला शब्द टाकून बातमी शोधायला गेलात तर निराश व्हाल. लिंक हातात हवी. संदर्भ विभागातल्या माणसाला ‘ती पुलाची बातमी, साधारण पावसाळ्यातली’ एवढं सांगितलं तरी तो फाइल काढून द्यायचा, ते सुख इथे नाही. पेवॉलमागच्या, म्हणजे पैसे भरल्याशिवाय न उघडणाऱ्या बातमीचे बहुतेक वेळा वरचे दोन परिच्छेदच मिळतात. लाइव्ह ब्लॉग, म्हणजे घटना घडत असताना क्षणोक्षणी भर पडणारी पानं, तर हमखास अर्धवट येतात, आणि नेमकी सर्वांत जास्त खाडाखोड तिथेच होते! कधी मजकूर एका दिवसाचा आणि फोटो भलत्याच दिवसाचा लागतो. शिवाय सगळी भिस्त एकाच संस्थेवर. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्यावर सायबर हल्ला झाला तेव्हा सेवा काही दिवस बंदच होती. मूळ संकेतस्थळाच्या मालकाने मागणी केली तर प्रती वगळल्याही जाऊ शकतात.

तरी दुसरं आहे काय? प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये मांडलेला आकडा असा: २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडतच नव्हती. मी जिथे काम करायचे त्या संकेतस्थळाची रचना बदलली तेव्हा माझ्या सहा वर्षांच्या बायलाइन, म्हणजे माझ्या नावाने आलेल्या बातम्या, अशाच गेल्या. कुणी मुद्दाम काढल्या नाहीत. नव्या यंत्रणेत त्या कुणी आणल्याच नाहीत. निम्म्याअधिक मला वेबॅकमध्ये सापडल्या. त्यात एक अपघाताची बातमीही होती, मृतांचा आकडा चुकलेली. आम्ही ती अकरा मिनिटांत गुपचूप सुधारली होती. नेमकी त्या अकरा मिनिटांतलीच प्रत तिथे आहे.

वापरायचं असेल तर ‘सेव्ह पेज नाऊ’पासून, म्हणजे लिंक देऊन त्याच वेळी प्रत साठवायच्या सोयीपासून सुरुवात करा. बातमी खटकली की आधी प्रत घ्या, मग दुसऱ्याला पाठवा. पाचपैकी चार तारे. एक लाइव्ह ब्लॉगसाठी कापला.