अवघड जागेचं दुखणं आणि दोन फाकांची सीट

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी आपल्याकडे म्हण आहे. माझ्या बाबतीत जावयाऐवजी मेव्हणा होता, एवढाच फरक. त्यामुळे दीड वर्ष मी कुणापाशी काही बोललो नाही. आता सायकलच्या नवीन सीटवर नऊ महिने आणि ३,८०० किलोमीटर झालेत. हे लिहायचं कारण असं, की आमच्या कोल्हापुरात रंकाळ्यावरच्या पहाटेच्या सायकलवाल्या टोळक्यात मी एकदा तोंड उघडलं, तर आणखी चौघांनी खाली बघत "मला पण होतंय की" म्हटलं.

होतं म्हणजे बधीर होतं. फुलेवाडी नाका सोडून गगनबावड्याच्या दिशेनं निघालो होतो. मोठा चढ नाही, वारा समोरून, म्हणून हँडल खाली धरून वाकून चाललो होतो. कळे गावापाशी लघवीला थांबलो. हातात काय आहे ते हाताला कळत होतं, त्याला नाही. दहा मिनिटांनी मुंग्या आल्या आणि सगळं पूर्ववत झालं. पुढं दर लांबच्या फेरीला तेच. गंमत म्हणजे पन्हाळ्याला जाताना हा त्रास कधीच झाला नाही. वाघबीळच्या चढाला माणूस आपसूक पॅडलवर उभा राहतो आणि खाली रक्त फिरतं. त्रास सपाट रस्त्यावरचाच, जिथं तासभर ढुंगण हलवायची गरज पडत नाही.

पहिला उपाय सगळे करतात तोच केला. ४५० रुपयांचं जेल कव्हर आणून चढवलं. बोटानं दाबलं तर गादीच. पंधरा किलोमीटर स्वर्ग आणि पुढं आधीपेक्षा वाईट. असं का, ते मला माझ्या धंद्यामुळं लवकर कळलं. उद्यमनगरात आमचं फौंड्रीला लागणारे पॅटर्न बनवायचं काम आहे. मऊ वस्तूवर दोन ठिकाणी भार टाकला की ती तिथं दबते आणि मधे फुगून वर येते. सीटवर तेच होतं. बसायची दोन हाडं जेलमध्ये रुततात आणि मधला फुगवटा बरोब्बर नको त्या जागी वर टोचतो.

शेवटी भाऊबीजेला मेव्हणा तावडीत सापडला. हसला नाही, हे त्याचे उपकार. त्यानं टेबलावरच्या पेपर नॅपकिनवर चित्र काढून दाखवलं. दोन्ही हाडांच्या आतल्या अंगानं पुडेंडल नावाची नस जाते आणि तिच्या सोबतीनं रक्तवाहिन्या. खुर्चीवर बसताना वजन हाडांवर असतं, म्हणून काही होत नाही. सायकलवर पुढं वाकलं की कंबर पुढं कलते, वजन हाडांवरून सरकून मधल्या मऊ भागावर येतं आणि सीटच्या चोचीवर, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकावर, ती नस चेपते. "उतरल्यावर थोड्या वेळात जात असेल तर सीट बदल. दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिलं, किंवा बाकी कशात फरक वाटला, तर सायकल बंद आणि सरळ युरोलॉजिस्ट," म्हणाला. बाकी कशात म्हणजे कशात, हे दोघांनाही कळलं. बायको तेवढ्यात चहा घेऊन आली आणि विषय उसावर गेला.

घरी येऊन वाचत बसलो. सायकलवर गस्त घालणाऱ्या अमेरिकेतल्या ९० पोलिसांना सहा महिने बिनचोचीच्या सीट देऊन केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झालाय. मागच्या सहा महिन्यांत अजिबात बधिरपणा आला नाही असं सांगणारे सुरुवातीला २७ टक्के होते, शेवटी ८२ टक्के. वाचून पहिल्यांदा बरं वाटलं ते एवढ्याचसाठी, की दिवसभर सायकल चालवणाऱ्या पोलिसांनासुद्धा हे होतं. मी काही नाजूक निघालो नव्हतो.

पण चोचच नसलेली सीट मला झेपेना. मित्राची चालवून बघितली. वळणावर मांड्यांनी सायकल सावरायची सवय असते, तिथं काहीच हाताला, म्हणजे मांडीला, लागत नव्हतं. म्हणून रुंदी बदलता येणारी घेतली. पेरूच्या दोन फाका शेजारी ठेवाव्यात तशी ही सीट. डावी-उजवी फाक वेगवेगळी, खाली बोल्ट. ढिले केले की मागची रुंदी वेगळी, पुढची फट वेगळी, आणि प्रत्येक फाकेचा उतारही थोडा बदलतो. ब्रँडचं नाव देत नाही. कुणाची जाहिरात नको, आणि पुढं तक्रारी केल्यात त्याही कुणाच्या माथी नकोत. ड्यूटी धरून २८,००० ला पडली. "एवढ्यात सोफा आला असता," हे वाक्य घरात अजून आठवड्याला एकदा तरी ऐकतो.

घ्यायच्या आधी एक काम मात्र फुकटात होतं, ते कराच. पन्हाळी पुठ्ठा, म्हणजे खोक्याचा, जिन्याच्या पायरीवर ठेवायचा. पातळ चड्डीवर त्यावर बसायचं, पाय जरा वर घ्यायचे, पुढं वाकायचं आणि मिनिटभर तसंच राहायचं. उठल्यावर दोन खड्डे दिसतात. नीट दिसले नाहीत तर बॅटरी आडवी धरून बघायचं, सावली पडते. मी व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, लावला. खड्ड्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत १२४ मिलिमीटर. हाडांना दोन्ही बाजूंनी टेकायला जागा हवी, म्हणून त्यात पंचवीस-एक मिलिमीटर धरले तर दीडशेच्या आसपास सीट पाहिजे. माझी जुनी सीट होती १३०. म्हणजे हाडं कडेवर लटकत होती आणि सगळा भार मधे. माझ्यापेक्षा अंगानं दीडपट असलेल्या एका दोस्ताचं माप निघालं ११०. वजनावरून किंवा पँटच्या नंबरावरून हे माप कळत नाही.

आता खरं सांगतो, पहिला महिना पैसे पाण्यात गेले असंच वाटत होतं. पहिल्याच दिवशी उत्साहात मागून १६५ करून टाकली. तीस किलोमीटरवर मांड्यांच्या आतून साल निघालं. मग १४०, तर पुन्हा मुंग्या. मग चोच खाली केली, भरपूर. खालचा त्रास गेला, पण दर पॅडलला पुढं घसरत होतो आणि सगळं वजन तळहातांवर. तिसऱ्या दिवशी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधीर. एका नसेचं दुखणं दुसऱ्या नसेला दिलं, बाकी काही नाही. आमच्या टोळक्यातले आप्पा, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, रोज सीटकडं बघून विचारायचे, "तुझी सीट मधनं मोडलीया की रं, जोडून तरी घे."

तिथून शहाणपण आलं आणि वही केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, कमीत कमी तीन फेऱ्या तशाच मारायच्या, मगच पुढची. फाकांच्या खाली रेलवर, म्हणजे सीट ज्यांवर बसते त्या दांड्यांवर, मार्करनं खुणा केल्या, नाहीतर बोल्ट ढिला झाला की आधी कुठं होतं ते सापडत नाही. सीटवर वही आडवी ठेवून वर पाणसळ धरायची. आधी सपाट, मग अर्ध्या-अर्ध्या अंशानं खाली. नवीन सीट जुनीपेक्षा १२ मिलिमीटर उंच होती, हे तर मला तीन आठवड्यांनी उमगलं. उंच सीटवर पाय पुरत नाहीत, कंबर डावी-उजवी झुलते आणि प्रत्येक झोल्याला घासतं. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची नळी, तेवढी खाली घेतल्याबरोबर निम्मं भांडण मिटलं. हे काम सीट बसवतानाच पहिल्या दिवशी करता आलं असतं, हे लिहिताना जरा जिवावर येतंय. पॅडल अगदी खाली आणून टाच त्यावर ठेवली की पाय सरळ होतो का बघा. झाला, तर उंची जवळपास बरोबर.

दोन महिन्यांनी आकडे ठरले. मागून १५२, पुढची फट १८ मिलिमीटर, चोच दीड अंश खाली, सीट रेलवर सहा मिलिमीटर मागं. डावी फाक उजवीपेक्षा किंचित खाली आहे, कारण डाव्या पायात लहानपणी पडलेली सळी आहे आणि मी थोडा तिकडं झुकतो. साध्या सीटला हे जमलंच नसतं. माझ्या लेखी या सीटचे पैसे वसूल झाले असतील तर इथं झाले.

फेब्रुवारीत निपाणीच्या पुढं तवंदी घाट चढून परत आलो, शंभराच्या आसपास झाले. हायवे, म्हणजे तासन्तास एकाच बैठकीत. ट्रॉल्यांच्या उसाचा वास, कोगनोळीच्या टोलला उसाचा रस, आणि कागलजवळ येईपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही की आज खालचा विचारच आला नाही. एकदाही बधीर झालं नाही. अर्थात आता घड्याळाला दर बारा मिनिटांचा गजर लावलाय. वाजला की पॅडलवर उभं राहून वीस-तीस मारायचे. श्रेय सीटचं किती आणि गजराचं किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. एप्रिलमध्ये गजर बंद करून पाहिलं, तर साठ किलोमीटरच्या पुढं हलक्या मुंग्या आल्या. जुन्या सीटवर त्या पंचवीस किलोमीटरमध्येच यायच्या.

तक्रारी आहेत. जोड जास्त, म्हणून आवाज जास्त. मार्चपासून कुईकुई सुरू झाली, शिवाजी पुलावर पहाटे कुत्री मागं लागायची. प्रत्येक बोल्ट काढून ग्रीस लावलं तेव्हा गेली, पावसाळ्यात परत आली. आता दर महिन्याला तेच करतो. सोबत आलेले बोल्ट मऊ होते, दुसऱ्याच महिन्यात एकाचं डोकं अ‍ॅलन कीनं गोल झालं. विक्रेत्याला तीन मेल केले, तिसऱ्याला उत्तर आलं, बोल्ट अजून यायचाय. उद्यमनगरात त्याच मापाचे चांगल्या पोलादाचे चार बोल्ट ६० रुपयांत मिळाले. वजन जुन्या सीटपेक्षा दीडशे ग्रॅम जास्त, ते मी सकाळच्या मिसळीत एक पाव कमी खाऊन भरून काढीन असं दरवेळी म्हणतो.

आणि जूनमध्ये कळलेली गोष्ट, जी कुठल्याच माहितीपत्रकात नव्हती. मधे फट आहे, आणि खाली मागचं चाक. पहिल्या मोठ्या पावसात रस्त्यावरचं लाल पाणी कारंज्यासारखं थेट त्या फटीतून वर. हॉटेलात पोचलो तेव्हा आप्पांनी फक्त माझ्या मागं बघितलं आणि वेटरला म्हणाले, "ह्यास्नी खुर्ची नको, स्टूल दे." ऑइलच्या रिकाम्या कॅनचा पत्रा कापून सीटखाली दोन केबल टायनी बांधला, तेव्हापासून कोरडा आहे.

टोळक्यातल्या एका वहिनींनी आठवडाभर ही सीट नेली होती. त्यांना मागून १६० ला बरं वाटलं, पण पुढची फट माझ्या मापाला टोचत होती, ती त्यांनी जवळजवळ बंद केली. मग त्यांनी रुंदी न बदलणारी, पण मधे खोलगट असलेली १५५ ची सीट ५,५०० ला घेतली आणि खूश आहेत. पुठ्ठ्यावर माप नीट निघालं असेल, तर तेवढ्यावर भागू शकतं. माझ्यासारखा एक पाय उणा-अधिक असेल, किंवा दोन-तीन सीट बदलून दमला असाल, तरच हा खर्च करा. पाने हातात धरायचा कंटाळा असेल तर अजिबात नको.

जुनी सीट, जेल कव्हरसकट, आमच्या दूधवाल्याला दिली. त्याची सायकल उंच हँडलची, ताठ बसून गल्लीत चार घरं करायची, दर दोन मिनिटांला उतरायचं. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "सीट लई झ्याक हाय मालक, तुमी का काढली?"