वॉर ऑफ द वर्ल्ड्स : आधी पुस्तक, मग रेडिओ, सिनेमे त्यानंतर

एच. जी. वेल्सचं हे पुस्तक मी कॉलेजात असताना नागपुरात बर्डीच्या फुटपाथवरून घेतलं होतं, पानं पिवळी पडलेली आणि पहिल्याच चॅप्टरमधे कोणीतरी पेन्सिलनं टास्मानिया या शब्दाखाली दोनदा रेघ मारून ठेवलेली. तेव्हा मला त्या रेघेशी काही देणंघेणं नव्हतं, मला मंगळावरून इंग्लंडवर चालून आलेली तीन पायांची यंत्रं आणि त्यांची हीट-रे, म्हणजे सगळं जाळणारा किरण, पाहिजे होती, ती भेटली अन मी खुश. आता इतक्या वर्षांनी परत वाचून राहिलो तर ती रेघच आधी डोळ्यात भरली.

वेल्स तिथं सरळ म्हणतो की मंगळवाल्यांना क्रूर म्हणायच्या आधी आपण काय केलं ते आठवा, युरोपातून गेलेल्या लोकांनी ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटाचे मूळ लोक पन्नास वर्षांत संपवले. हे १८९७ ला मासिकात क्रमशः आलं, १८९८ ला पुस्तक निघालं, म्हणजे इंग्रजांचं राज्य ऐन भरात होतं आणि एक इंग्रज माणूस आपल्याच लोकांना विचारून राहिला आहे की उद्या तुमच्यावर कोणी असंच आलं तर? मी रोज सीताबर्डीच्या किल्ल्याखालून जातो. १८१७ च्या नोव्हेंबरात याच टेकडीवर नागपूरकर भोसल्यांची फौज इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीसमोर हरली, आणि १८५३ ला रघुजी तिसरे वारले तर औरस मुलगा नाही म्हणून राज्यच खालसा केलं. त्यामुळे लंडन सोडून पळणारे लोक वाचताना मला नुसती परग्रहाची गोष्ट वाचल्यासारखं वाटतच नाही, आपल्याकडे घडून गेलेलं कोणीतरी उलटं करून त्यांच्याच घरी घडवलंय असं वाटतं.

आणि लिहिलंय किती बारीक पाहून! लंडनजवळच्या वोकिंग गावाबाहेर हॉर्सेल कॉमन नावाच्या माळावर मंगळावरून पहिला सिलिंडर पडतो, आत काय आहे कोणालाच माहीत नाही, आणि लोक काय करतात तर पाहायला गर्दी करतात, एक जण तर हातगाडीवर हिरवी सफरचंदं आणि जिंजर बियर विकायला पाठवतो. अगदी आपल्या फुटाळा तलावावर जमते तशी गर्दी. मग काही जण पांढरा झेंडा घेऊन बोलायला पुढं जातात आणि हीट-रे फिरते, आवाज जवळपास नाहीच, माणसं एकामागून एक पेटत जातात. वेल्स तेव्हा वोकिंगलाच राहायचा, सायकलवर फिरून कोणता रस्ता, कोणतं घर उडवायचं ते पाहून ठेवायचा, म्हणून ते इतकं खरं वाटतं.

शेवट बऱ्याच जणांना माहीत आहे, मंगळवाले आपल्या साध्या जंतूंनी मरतात. काही लोक म्हणतात हा शेवट सोपा झाला, मला अजिबात नाही पटत. वेल्स म्हणतो जंतूंशी लढायची ही ताकद माणसाला फुकट नाही भेटली, पिढ्यानपिढ्या अब्जावधी मेले तेव्हा भेटली. २०२१ चा एप्रिल ज्यानं नागपुरात काढलाय, रिकामे रस्ते आणि रात्रभर ॲम्ब्युलन्स ऐकल्या, त्यानं ओसाड लंडनचा तो चॅप्टर वाचून पाहावा, जिथं मरणाऱ्या यंत्राचा आवाज एकदम थांबतो आणि ती शांतता त्या माणसाला सहन होत नाही.

घेताना पूर्ण आवृत्ती घ्या. मी ऑनलाइन एक मागवली ती संक्षिप्त निघाली, कव्हरवर कुठंच लिहिलं नव्हतं, टास्मानियाचा भागच गायब.

आता सिनेमे. १९५३ चा कॅलिफोर्नियात घडतो, पाय काढून यंत्रं तरंगती केली, इफेक्ट्सना ऑस्कर भेटलं आणि ते आजही पाहावंसे वाटतात. पण पुस्तकातला पाद्री भीतीनं पार खचतो, इथला बायबल हातात घेऊन पुढं चालत जातो, तिथंच गोष्टीचा सूर बदलला. स्पीलबर्गचा २००५ चा मला आवडतो, फेरीबोटीवरची चेंगराचेंगरी आणि यंत्राचा तो भोंगा, मोठ्या पडद्यावर पाहा. बीबीसीनं २०१९ ला तीन भागांत जुन्या इंग्लंडातच नेली गोष्ट, पण सारखं पुढं-मागं उड्या मारून धार घालवली. २०२५ चा तर जवळपास सगळा कम्प्युटर स्क्रीनवरच घडतो, तो सोडून द्या. याच गोष्टीवरचा जेफ वेनचा १९७८ चा गाण्यांचा अल्बम मात्र नक्की ऐका, रिचर्ड बर्टनच्या आवाजासाठी तरी.

सगळ्यात भारी याच गोष्टीचं अमेरिकेतलं रेडिओ नाटक, ३० ऑक्टोबर १९३८, ऑर्सन वेल्सचं (हा वेल्स वेगळा, अमेरिकन नट-दिग्दर्शक). नाचगाण्याचा प्रोग्रॅम चालू आहे असं भासवून मधेमधे बातम्या घुसवल्या. अख्खा अमेरिका रस्त्यावर आला ही गोष्ट पेपरवाल्यांनी वाढवून सांगितली, पण १९४९ ला इक्वाडोरच्या कीटोमधे अशाच नाटकानंतर चिडलेल्या लोकांनी रेडिओ स्टेशन जाळलं आणि माणसं मेली, हे खरं आहे.

मे महिन्यात रात्री लाइट गेली होती, गच्चीवर बाबा आणि मी, मोबाइलवर हे लावलं. बाबांना इंग्रजी जेमतेम कळतं. तो रिपोर्टर ओरडता ओरडता मधेच तुटतो आणि काही सेकंद काहीच येत नाही, तर बाबा उठून बसले, "काऊन रे, बंद पडलं का?" मी म्हटलं, नाही बाबा, ऐका. पूर्ण ऐकलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणे मूळ पुस्तकात काय होते ते सांग, तेव्हापासून रोज एक चॅप्टर मराठीत सांगून राहिलो, काल थंडर चाइल्ड हे जहाज यंत्रांवर चालून गेलं तिथवर आलो.