ड्रायर तापेना: जुनाच दुरुस्त करावा की वॉशर-ड्रायर घ्यावा?

जुलैत चिपळुणात ड्रायर बंद पडला की काय होतं, ते इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पडवीतल्या दोरीवरची चादर चौथ्या दिवशीही हाताला गार लागते आणि टॉवेलांना कुबट वास सुटतो. आमच्या आजीच्या वेळी शेगडीवर टोपली उपडी घालून बाळाची दुपटी वाळवायचे. आता ते काम यंत्रावर सोपवलंय, आणि यंत्र नुसतं फिरून ओलेच कपडे परत देऊ लागलं की प्रश्न पडतो, दुरुस्त करायचं की बदलायचं? मी आधी बदललं, मग दुरुस्त केलं. दोन्हींचा अनुभव आहे म्हणून लिहितो.

ड्रायर म्हणजे इथे गरम हवेचा स्वतंत्र ड्रायर. सेमी-ऑटोमॅटिकच्या बाजूच्या टबालाही आपण ड्रायरच म्हणतो, पण तो कपडे पिळतो, त्यात हीटर नसतोच.

आमचा ड्रायर दमट हवा नळीने बाहेर सोडणारा, साधा. सात वर्षं बिनतक्रार चालला आणि एका पावसाळ्यात तापायचा थांबला. ड्रम फिरतोय, पंख्याचा आवाज येतोय, हवा मात्र गार. आलेल्या मेकॅनिकने मागचं झाकणही न काढता सांगितलं, "हीटर गेला, आता यात पैसे घालू नका." घरात ओल्या कपड्यांचा ढीग होता. त्याच आठवड्यात वॉशर-ड्रायर आणला आणि जुना मागच्या खोलीत सरकवला.

वॉशर-ड्रायरचं चांगलं ते आधी सांगतो. जागा एका मशीनची लागते. रात्री मुलीचा गणवेश टाकला की सकाळी धुऊन वाळून तयार. भिंतीला भोक नको, नळी नको. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला एवढं पुरेसं वाटू शकतं, आणि त्यात काही चूक नाही.

पण धुण्याला आठ किलो आणि वाळवणीला पाचच. म्हणजे धुऊन झाल्यावर दार उघडून ओले कपडे निवडून बाहेर काढायचे, ते बादलीत ठेवायचे आणि पहिला घाणा निघाला की दुसरा घालायचा. माझ्या बायकोला याचा फार त्रास झाला, कारण रात्री अकराला हे काम तिच्याच वाट्याला यायचं.

माझ्यासाठी मात्र निकाल लागला तो पाण्यावरून. आमचं मॉडेल वाळवताना वाफेचं पाणी करायला नळाचं गार पाणी वापरायचं. सगळीच तसं करत नाहीत, काही हवेवर गार करतात, तेव्हा घेण्याआधी हे नक्की विचारा. आमच्याकडे नळाला सकाळी तासभर पाणी येतं, बाकी दिवस टाकीवर. एका संध्याकाळी कपडे तीन तास फिरूनही दमटच. वाटलं, याचाही हीटर गेला. दाराची काच तर हात लावू नये इतकी तापलेली. मग लक्षात आलं की टाकी रिकामी आहे. दिवसभर लाईट नव्हती म्हणून पंप लागला नव्हता. आत उष्णता भरपूर, पण वाफेचं पाणी व्हायला गार पाणीच नाही, मग ओल जाणार कुठे? पुढच्या खेपेला मुद्दाम मोरीतल्या नळीखाली बादली लावली. एका वाळवणीत तीन बादल्या भरल्या, तरी धार चालूच. वाळवण्यासाठी टाकीतलं पाणी असं मोरीत जाताना पाहवेना.

तिथून मी मागच्या खोलीतल्या ड्रायरकडे परत गेलो. ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्याने प्लग काढून मागचं झाकण उघडलं आणि मल्टीमीटर लावला. हीटर 26 ओहमच्या आसपास दाखवत होता. 230 व्होल्टवर 2000 वॉटच्या हीटरचा हिशेब तेवढाच येतो, म्हणजे हीटर ठणठणीत. गेला होता तो शेजारचा थर्मल फ्यूज, बोटाच्या पेराएवढा. हवा कोंडून आतली उष्णता वाढली की तो एकदाच तुटतो आणि हीटरची वीज तोडतो. नवा काही शे रुपयांत आला.

"तोवर डायरेक्ट करून देऊ का?" त्याने विचारलं. मी नको म्हटलं, आणि तुम्हीही नकोच म्हणा. फ्यूज डायरेक्ट केला तर पुढच्या वेळी आग रोखायला तिथे काहीच उरत नाही.

फ्यूज का तुटला, ते नळी काढल्यावर कळलं. ड्रायर भिंतीला टेकून नळी चपटली होती आणि आत कपड्यांचा तूस साचून दमटपणाने नमद्यासारखा घट्ट झाला होता. बोटं घालून ओढला तर नळीच्याच आकाराचा, हातभर लांब, राखाडी गोळा बाहेर आला. त्यात मुलीच्या गणवेशाचा निळा धागा ओळखू येत होता. दाराजवळची जाळी आम्ही दर वेळी झाडायचो, नळीकडे मात्र सात वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. नुसता फ्यूज बदलला असता तर महिन्याभरात पुन्हा गेला असता असं मला वाटतं.

म्हणून कुणी हीटर गेला म्हटलं तरी आधी साध्या गोष्टी बघून घ्या. टायमर शेवटच्या गार हवेच्या टप्प्यात तर नाही? जाळी आणि नळी मोकळी आहे का? प्लग 16 अँपिअरच्या सॉकेटमध्ये थेट आहे की बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर? संध्याकाळी व्होल्टेज पडतं का? 230 चं 180 झालं तर 2000 वॉटचा हीटर जेमतेम 1225 वॉट देतो. मग कपडे वाळेनात की दोष मशीनला जातो. अमेरिकेत ज्यांची मुलं आहेत त्यांच्यासाठी एक: तिथले इलेक्ट्रिक ड्रायर 240 व्होल्टच्या दोन फेजांवर चालतात. एक फेज गेली तरी ड्रम फिरत राहू शकतो आणि हवा गार येते. तिथे आधी ब्रेकर पाहायचा. हे सगळं ठीक असेल तर मग थर्मल फ्यूज, थर्मोस्टॅट (तापमान सांभाळणारा स्विच) आणि शेवटी हीटर.

वॉशर-ड्रायरमध्ये हीच शोधाशोध अवघड जाते. धुण्याचं पाणी तापवणारा हीटर वेगळा, वाळवणीचा वेगळा. त्यामुळे गरम पाण्याचा प्रोग्राम नीट चालतो आणि वाळवण गार राहते, असंही होऊ शकतं. आमच्या मशीनमध्ये तूस जिथे साचतो तो मार्ग वरचं झाकण उघडल्याशिवाय हाताला येत नव्हता. शिवाय ते दुरुस्तीला गेलं की धुणंही थांबतं.

विजेचं बिल दोन्हींचं मला फारसं वेगळं वाटलं नाही. बिलाचीच काळजी असेल तर हीट पंपचा, म्हणजे आतलीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरणारा ड्रायर पाहा. तो वेळ जास्त घेतो, वीज बरीच कमी, पण किंमत बरीच जास्त. मी तो वापरलेला नाही.

मशीन एकच मावेल एवढी जागा असेल, चोवीस तास पाणी असेल आणि घरात दोनच माणसं असतील, तर वॉशर-ड्रायर वाईट नाही. पण जुना ड्रायर नुसता तापत नसेल, ड्रम आणि मोटर नीट असतील, तर नवं घेण्याआधी एक संध्याकाळ वायरमनला द्या आणि त्याच्या शेजारी उभे राहा.

आमचं वॉशर-ड्रायर आता फक्त धुतं. जुना ड्रायर मागच्या पडवीत, भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवलाय. दर महिन्याला मी नळी काढून झाडतो आणि परवाच्या झडीत चादरी त्याच संध्याकाळी घडी घालून कपाटात गेल्या.