पॉइंट २२ सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलासाठी काडतुसं: कुठलं चालतं, कुठलं अडतं

नवं पिस्तूल असेल तर सुरुवात सीसीआय कंपनीच्या मिनी-मॅग काडतुसांनी करा. गोळीचं वजन ४० ग्रेन (सुमारे २.६ ग्रॅम), तांब्याचा मुलामा, वेग सेकंदाला १,२३५ फूट (कंपनीचा हा आकडा रायफलचा; पिस्तुलाच्या आखूड नळीतून वेग कमीच मिळतो). कडक स्प्रिंगची स्लाइडही (गोळी सुटल्यावर मागे सरकणारा पिस्तुलाचा वरचा भाग) पूर्ण मागे जाते. त्याच कंपनीचं स्टँडर्ड व्हेलॉसिटी १,०७० फुटांचं. कागदावर नेम धरायला मला तेच जास्त आवडतं, पण स्लाइड जड असेल तर पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) बाहेर पडता पडता अडकते.

खरी गोची सुट्या, ठोक डब्यांतल्या मालाची. पॉइंट २२ काडतूस रिमफायर, म्हणजे पिन कडेवर आदळून पेटणारं; त्यात स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेत फिरवून पसरवलेलं असतं. एखाद्या जागी ते पोचलं नाही आणि पिन नेमकी तिथेच आदळली, की काडतूस फुसकं. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच धरून ३० सेकंद थांबा, मग काडतूस काढून कडेवरचा ठसा बघा. ठसा खोल असेल तर दोष काडतुसाचा. उथळ असेल तर आधी चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) घासून साफ करा; मेणाच्या न् शिशाच्या थरामुळे काडतूस पूर्ण बसत नाही आणि पिनचा जोर वाया जातो.

आवाज दबका आला तर दुसरी गोळी अजिबात झाडू नका. पिस्तूल रिकामं करून नळीत गोळी अडकली नाही ना, ते आधी पाहा.

तुलना करताना प्रत्येक प्रकाराची किमान १०० काडतुसं, तीच मॅगझिन आणि दर वेळी साफ चेंबर. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे राहू द्या, नाहीतर कडा एकमेकींत अडकतात आणि दोष उगाच काडतुसाच्या माथी जातो.